लळा लावण्याआधी

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की मला हमखास काही फोन येतात. कॉलेजात शिकणाऱ्या मुलींच्या आयांचे. ‘ताई, आमच्या धाकटीला सुट्टीत परदेशात समाजसेवेला जायचंय. पंधरा दिवस अनाथाश्रमात राहायचं, मुलांना इंग्रजी शिकवायचं, त्यांच्याशी खेळायचं आणि शेवटी एक दिवस सहलीला न्यायचं. सर्टिफिकेटही देतात म्हणे. तुम्ही नेपाळात राहून आलात ना, पाठवावं का तिला?’

पूर्वी असले प्रश्न पुण्या-मुंबईच्या घरांत पडत असतील. आता तालुक्याच्या गावापर्यंत आलेत. मुली शिकल्या, हातात मोबाइल आला, जग दिसायला लागलं. त्यात वाईट काहीच नाही. उलट सुट्टीत नुसतं टीव्हीपुढे लोळण्यापेक्षा कुणाच्या उपयोगी पडावं असं एखाद्या पोरीला वाटतंय, याचा आईनं अभिमानच बाळगावा. तरीही या आयांना मी एकदम ‘हो, पाठवा’ असं म्हणत नाही. आधी विचारते, ती तिथे नेमकं काय काम करणार आहे? आणि ती परत आल्यावर त्या मुलांचं काय होणार आहे? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जणींकडे असतं. दुसरा प्रश्न कुणी मनातही आणलेला नसतो. मैत्रिणींनो, आजचा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे.

माझा आणि नेपाळचा संबंध कसा, ते आधी सांगते. आमचं गाव सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं. खानापूर, आटपाडीकडची माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यानिमित्त देशभर पांगलेली आहेत हे पुष्कळांना ठाऊक असेल. शेतात पिकत नाही म्हणून पोरं भट्टीवर गेली, जुने दागिने आटवून शुद्ध सोनं काढायचं कसब शिकली आणि जिथे सराफ बाजार तिथे पोचली. काही थेट काठमांडूला गेली. माझे धाकटे दीर त्यांतलेच. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळात मोठा भूकंप झाला, तेव्हा त्यांचा फोन लागेपर्यंत आमच्या घरात कुणाच्या घशाखाली घास उतरला नव्हता. पुढे २०१८ साली पावसाळा सरता सरता जाऊबाईंच्या आजारपणामुळे मी दोन महिने तिकडे राहिले. दीर दुकानात, मुलं शाळेत, जाऊबाईंना दुपारी डोळा लागायचा. मला रिकामं बसायची सवय नाही. इकडे मी बचत गटांचं आणि बालवाडीचं काम करते. जाऊबाईच म्हणाल्या, ‘अक्का, पलीकडच्या गल्लीत बालगृह आहे. जाऊन बघा.’

काठमांडूत आपल्याला एक गंमत वाटते. पाट्या देवनागरीत असतात. ‘बालगृह’ हा शब्दही तोच. त्यामुळे परदेशात आलोय असं मनाला पटतच नाही. व्हिसाही लागत नाही. पण परका देश तो परकाच. तिथलं मूल रडलं तर ते काय म्हणून रडतंय हे आपल्याला कळत नाही, एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुष्कळ होतं.

त्या बालगृहाच्या प्रमुख बाईंना सगळे ‘दिदी’ म्हणत. पन्नाशीच्या, बोलायला मऊ, पण नियमांना कडक. मी मदत करायला आलेय म्हटल्यावर त्यांनी माझं ओळखपत्र मागितलं, दिरांचा पत्ता लिहून घेतला, दुकानावर माणूस पाठवून चौकशी केली. मला ते आवडलं. आमच्या बालवाडीतही अनोळखी माणसाला मी पोरांत बसू देत नाही. चार दिवसांनी दिदींनी बोलावलं आणि काम दिलं. काय काम? गणवेश दुरुस्तीचं! बावीस मुलांचे गणवेश. कुणाची शिवण उसवलेली, कुणाचं बटण तुटलेलं, कुणाची चेन बिघडलेली. शिवाय कोठीघरातला तांदूळ-डाळीचा हिशेब.

दिदी हिंदीत म्हणाल्या, ‘मुलांशी खेळायला माणसं खूप येतात. उसवलेली शिवण घालायला कुणी येत नाही.’

या एका वाक्यावर मी अजून विचार करते. समाजसेवा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चित्र येतं ते लहान मुलाला कडेवर घेतलेल्या हसऱ्या मुलीचं. शिलाई मशिनपुढे वाकलेल्या बाईचं चित्र कुणी डोळ्यांपुढे आणत नाही. पण मुलांना रोज लागतं ते दुसरंच. वेळेवर जेवण, फाटका नसलेला गणवेश, सांडगे-लोणच्यापासून औषधापर्यंत नीट ठेवलेला हिशेब, आणि तीच ती माणसं रोज दिसणं. बाहेरून आलेल्या माणसानं तिथल्या कामवाल्या बायकांचा भार हलका केला, तर त्या बायकांना मुलांजवळ बसायला वेळ मिळतो. मुलांना कुशीत घ्यायचं तर त्यांनी घ्यावं. त्या उद्याही असणार आहेत.

आता सहलीचं सांगते. नेपाळात साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते. एका शनिवारी मुलांना जावलाखेलच्या प्राणिसंग्रहालयात न्यायचं ठरलं. सहलीचा खर्च पुण्याहून आलेल्या दोन कॉलेजकुमारांनी वर्गणी काढून दिला होता. एक मायक्रोबस आणि वर एक छोटी गाडी. बावीस मुलं, संस्थेतल्या तीन बायका, दिदी, ती दोन पोरं आणि मी. आदल्या रात्री आम्ही अंडी उकडली, चिउरा म्हणजे आपले जाड पोहे भाजले, केळी मोजून घेतली. दिदींनी मोठ्या मुलाच्या हाती एक लहान मूल अशा जोड्या लावल्या. प्रत्येकाच्या आतल्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी घातली. नाव बाहेर दिसेल असा बिल्ला मात्र लावू दिला नाही. नाव वाचून कुणीही मुलाला हाक मारू शकतो आणि नावानं हाक मारणारा माणूस मुलांना ओळखीचाच वाटतो, असं त्यांचं म्हणणं. मला हे नवीन होतं. आता आमच्या बालवाडीच्या सहलीलाही मी तसंच करते.

गाडीत पहिल्या वळणालाच दोघींना उलट्या झाल्या. पिशव्या होत्या म्हणून निभावलं. फाटकाशी एकदा मोजणी, तळ्याशी एकदा, जेवताना एकदा. ज्यांनी पंचवीस पोरं घेऊन सहल केली आहे त्यांना ठाऊक आहे, सहल पोरांची असते, मोठ्यांची नुसती मोजणी असते. पण पोरांचा आनंद! वाघ झोपलेलाच होता, तरी अर्धा तास जाळीशी खिळून उभी होती. एकशिंगी गेंडा चिखलात लोळला तर टाळ्या पिटत होती. सहलीचा आनंद खोटा असतो असं मी कधीही म्हणणार नाही. तो शंभर नंबरी असतो.

त्या मुलांत एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा होता. अबोल. त्याला ना वाघात रस, ना गेंड्यात. शेळ्या-मेंढ्यांसारखे प्राणी होते त्या कुंपणाशी मात्र तो रेंगाळला. मी जवळ जाऊन उभी राहिले. मोडक्या हिंदीत तो बोलायला लागला. त्यांच्याकडे शेळ्या आहेत. शेळ्यांच्या पाठीवर दोन्ही बाजूंना छोट्या छोट्या पिशव्या बांधतात. त्यात मीठ असतं, तांदूळ असतात. दिवसच्या दिवस डोंगरातून चालत जायचं. सगळ्यात पुढची शेळी त्याची होती. मी विचारलं, आता कोण बघतं तिला? तो म्हणाला, ‘आमा.’

आमा म्हणजे आई. त्या मुलाला आई होती. अनाथाश्रम म्हणून ज्या जागेला लोक ओळखतात, तिथे राहणाऱ्या मुलाला जिवंत, शेळ्या राखणारी आई होती.

संध्याकाळी मी दिदींना विचारलं. त्यांनी लपवलं नाही. बावीसपैकी सतरा मुलांना आई किंवा बाप, निदान एक तरी आहे, म्हणाल्या. हा मुलगा कर्णालीकडच्या हुम्ला जिल्ह्यातला. बाप वारला, तेव्हा गावाकडे येणाऱ्या एका माणसानं शहरात फुकट शिक्षण मिळेल असं सांगून आईकडून पैसे घेतले आणि पोराला काठमांडूत आणून एका संस्थेत टाकलं. ती संस्था पुढे बंद पडली आणि तो इथे आला. आता परत पाठवायचं तर बसनं एक रात्र नेपाळगंजला जायचं, तिथून छोट्या विमानानं सिमिकोट, आणि मग पायी. आईला शोधायचं, गावच्या वडाध्यक्षाशी बोलायचं, पोराच्या शाळेचं बघायचं. काम सुरू होतं, पण पैसा आणि माणसं कमी पडत होती.

हे त्या एका मुलाचं नशीब नव्हतं. नेपाळात १९९६ ते २००६ अशी दहा वर्षं माओवादी बंडाळी चालू होती. पोरांना बंडखोर ओढून नेतील या भीतीनं डोंगराळ भागातल्या आईबापांनी घरदार गहाण टाकून मुलं दलालांच्या हवाली केली. कॉनर ग्रेनन नावाचा अमेरिकन तरुण २००४ साली काठमांडूजवळच्या गोदावरीत ‘लिटल प्रिन्सेस’ या बालगृहात स्वयंसेवक म्हणून आला होता. तिथली मुलं अनाथ नाहीत हे त्याला पुढे कळलं. मग तो मुलांचे फोटो घेऊन हुम्लाच्या डोंगरांत पायपीट करत गेला आणि एकेकाचे आईबाप शोधून काढले. ‘नेक्स्ट जनरेशन नेपाळ’ ही संस्था त्यानं त्यातूनच उभी केली. मुलांना घरी पोचवणं हेच तिचं काम. त्याच्यासारखा एखादाच निघतो. बाकीचे फोटो काढून घरी जातात.

बंडाळी संपली, पण धंदा संपला नाही. नेपाळातली बहुसंख्य बालगृहं काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन या पाच जिल्ह्यांत एकवटलेली असल्याचं या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी दाखवून दिलं आहे. कास्कीत पोखरा येतं आणि चितवनात जंगल सफारी. म्हणजे अनाथ मुलं जिथे जास्त तिथे बालगृहं नाहीत. पर्यटक जिथे जास्त तिथे आहेत! आणि त्यातल्या दहांपैकी आठांहून अधिक मुलांना आई किंवा वडील आहेत. कंबोडियात तेच. युनिसेफच्या २०११ च्या अहवालाप्रमाणे २००५ मध्ये तिथे दीडशेच्या आसपास बालगृहं होती, ती २०१० मध्ये २६९ झाली. त्या पाच वर्षांत तिथे काही मोठं युद्ध झालं नाही. पर्यटक मात्र वाढले.

हिशेब सरळ आहे. पाहुणा पैसे देऊन मुलांबरोबर राहायला येतो. पाहुणा यायचा तर मुलं पाहिजेत. मुलं नसतील तर आणली पाहिजेत. दुकानात गिऱ्हाईक वाढलं की माल मागवावा लागतो, तसंच. ऐकायला कठोर वाटेल, पण आमच्या दिरांच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर मागणीशिवाय पुरवठा होत नाही. आपल्या मुलीची सद्भावना ही तिथे कुणाच्या तरी दृष्टीनं मागणी असते. २०१५ च्या भूकंपानंतर मुलं पळवण्याचे प्रकार वाढतील या भीतीनं नेपाळ सरकारनं पालकांशिवाय मुलांना बाहेर नेण्यावर बंदी घातली, परदेशी दत्तक थांबवलं. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं ठराव करून स्वयंसेवकांच्या पर्यटनातून बालगृहांतल्या मुलांचं शोषण होऊ नये म्हणून सगळ्या देशांना पावलं उचलायला सांगितलं. पर्यटक म्हणून आलेल्या परदेशी माणसाला बिनपगारी काम करायलासुद्धा नेपाळच्या कायद्यानं मनाई आहे. जाहिरातीत हे कुठे लिहिलेलं नसतं.

आता कुणी म्हणेल, ‘अहो, सगळ्या संस्था काही तशा नसतात. आणि चार दिवस का होईना, पोरांना माया मिळते ना!’ संस्था सगळ्या तशा नसतात हे खरंच. दिदींची नव्हती. पण मायेचं मला नीट बोलायचं आहे.

आपल्या मराठीत ‘लळा’ हा फार सुंदर शब्द आहे. लळा लागतो, लळा लावतात. आपल्या घरी बहिणीचं मूल महिनाभर राहून गेलं तरी घर सुनं होतं. मोठ्या माणसांची ही गत, तर मग ज्याला स्वतःचं घर नाही त्या मुलाची काय होत असेल? दर पंधरा दिवसांनी एक नवी ताई येते. मांडीवर घेते, केस विंचरते, सहलीला नेते, जाताना रडते. मूलही रडतं. दोन दिवस जेवत नाही. मग दुसरी ताई येते. वर्षात अशा वीस ताया. शेवटी मूल रडायचं थांबतं. ते शहाणं झालं म्हणून नाही. कुणाचा लळा लावून घ्यायचा नाही हे ते शिकतं म्हणून.

दिरांच्याच ओळखीनं मी आणखी एका बालगृहात एकदा जाऊन आले होते. तिथे दारातून आत पाऊल टाकल्याबरोबर चार-पाच मुलं धावत येऊन कंबरेला बिलगली. मी कोण, कुठली, काही ठाऊक नसताना एक चिमुरडी हात वर करून ‘घे’ म्हणाली. बरोबरच्या पाहुण्यांना भरून आलं, ‘किती प्रेमळ आहेत पोरं!’ मला मात्र बालवाडीतली पोरं आठवली. घरात वाढलेलं चार वर्षांचं मूल अनोळखी बाई दिसली की आधी आईच्या पदराआड जातं. जाणारच. तेच निरोगी लक्षण. कुणालाही बिलगणारं मूल प्रेमळ नसतं, भुकेलं असतं. त्याच ठिकाणी पाहुणे आले म्हणून मुलांना शाळेतून लवकर आणून गाणी म्हणायला उभं केलं होतं. तिथे मी परत गेले नाही आणि ज्यांनी मला नेलं त्यांना कारणही सांगितलं.

हे नुसतं माझं बाईमाणसाचं म्हणणं नाही. रुमानियात १९८९ साली चाउशेस्कूची राजवट उलथली तेव्हा अनाथालयांत कोंडलेली हजारो मुलं जगासमोर आली. पुढे २००० सालापासून शास्त्रज्ञांनी बुखारेस्टमध्ये १३६ मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. निम्मी मुलं संस्थेतल्या नेहमीच्या व्यवस्थेत राहिली, निम्मी कुटुंबांत सांभाळायला दिली. कुटुंबात गेलेली मुलं, त्यातही दोन वर्षांच्या आत गेलेली, बुद्धीनं, बोलण्यानं, माणसांशी नातं जोडण्याच्या बाबतीत पुढे गेली. खाणंपिणं संस्थेतही होतं. नव्हतं ते ‘माझं’ म्हणावं असं एक माणूस. आपल्या आज्ज्यांना हे पुस्तक न वाचताही ठाऊक होतं.

म्हणूनच आपल्याकडे सिंधुताई सपकाळांना लोक ‘माई’ म्हणत. त्यांनी पोरांना पंधरा दिवस दिले नाहीत, जन्म दिला. २०२२ साली त्या गेल्या तोपर्यंत त्यांच्याकडची पोरं लेकीबाळींसह माहेरी यावं तशी येत होती. प्रत्येकीला माई होणं जमणार नाही, आणि तशी कुणी अपेक्षाही करत नाही. पण जे जमणार नाही त्याचं सोंग तरी आणू नये.

मग मुलांना सहलीलासुद्धा न्यायचं नाही का? न्यायचं! जरूर न्यायचं. खेळ आणि विरंगुळा हा मुलांचा हक्क आहे असं १९८९ च्या बालहक्क कराराच्या ३१ व्या कलमातच म्हटलंय आणि नेपाळनं नि आपण, दोघांनीही तो करार स्वीकारला आहे. प्रश्न एवढाच की सहल कुणाची? मुलांची की पाहुण्यांची? मुलांची सहल असेल तर कुठे जायचं ते मुलांना विचारलं जातं. शाळा बुडत नाही. मुलांचा हात संस्थेतल्या बाईच्या हातात असतो आणि पाहुण्याच्या हातात पाण्याची कॅन असते. एकट्या पाहुण्याबरोबर एकटं मूल कुठेही जात नाही, पाहुणा कितीही सज्जन असो. आणि त्या दिवसाचे फोटो कुणाच्या फेसबुकवर चढत नाहीत. जावलाखेलला पुण्याच्या त्या पोरांनी मोबाइल काढले तेव्हा दिदींनी हसत हसत ते आपल्या पिशवीत टाकून घेतले. संध्याकाळी परत दिले. पोरंही शहाणी. रागावली नाहीत.

त्या पोरांनी आणखी एक चांगली गोष्ट केली. त्यांच्याकडे दुसऱ्या सहलीपुरते पैसे उरले होते. वॉटर पार्कला न्यायचा बेत होता. पण दसरा जवळ आला होता. नेपाळात दशैं म्हणजे आपला दसरा-दिवाळी एकत्र. त्या दिवशी थोरामोठ्यांच्या हातून कपाळाला टिका लावून घ्यायचा आणि जमरा डोक्यात खोवायचा. जमरा म्हणजे घटावर उगवलेलं धान, आपण दसऱ्याला टोपीत खोवतो तेच. काठमांडू त्या दिवसांत रिकामं होतं, कारण जो तो गावी जातो. मी त्या पोरांना म्हटलं, बाळांनो, दिदींना विचारा, या पैशांतून कुणी घरी जाऊ शकेल का? दिदींनी यादीच काढली. धादिंग आणि सिंधुपाल्चोक हे जिल्हे जवळचे. तिथल्या पाच मुलांच्या घरांशी बोलणं आधीपासून चाललेलं होतं, सगळी तपासणी झाली होती. अडलं होतं ते बसभाड्यावर आणि सोबतीला जाणाऱ्या बाईच्या खर्चावर. पाचही मुलं दशैंला घरी गेली. त्यातली दोन घरीच राहिली. शाळेच्या खर्चाची सोय दिदींनी गावातच करून दिली.

हुम्लाच्या मुलाचं त्या वेळी जमलं नाही, त्याचं घर फार लांब. पण पुढच्या वर्षी जाऊबाईंनी फोनवर सांगितलं, त्याची आई सापडली, तिचं नि त्याचं फोनवर बोलणं झालं. शेळीचं विचारलं की नाही, ते मला समजलं नाही.

मुलांना सहल कुठे न्यावी, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, जमेल तिथे त्यांच्या घरी.

मैत्रिणींनो, हे सगळं लांबच्या देशातलं म्हणून वाचून सोडून देऊ नका. आपल्या गावात काय चालतं? साहेबांचा वाढदिवस असतो, मुलाचा पहिला वाढदिवस असतो, आजोबांचं वर्षश्राद्ध असतं. केक घेऊन, वह्या घेऊन बालगृहात जायचं. पोरं रांगेत बसतात, आपल्या बाळाला ‘हॅपी बर्थ डे’ म्हणतात. आपण फोटो काढतो, व्हॉट्सअॅपवर टाकतो. ज्याला स्वतःचा वाढदिवस ठाऊक नाही त्यानं वर्षातून पन्नास वेळा दुसऱ्याच्या वाढदिवसाला टाळ्या वाजवायच्या! शिवाय बालगृहातल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करायला आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं बंदी आहे. हेतू चांगला असतो, शंकाच नाही. पण हेतू आपला, आणि सोसायचं मुलानं.

आणि आपल्याकडच्या बालगृहांतली, वसतिगृहांतली सगळी मुलं तरी कुठे अनाथ असतात? नवरा गेलेली, शेतमजुरी करणारी बाई पोराला पोसता येत नाही म्हणून नेऊन सोडते. तिला कुणीतरी सांगायला हवं की सरकारची बालसंगोपन योजना आहे. एक पालक गमावलेल्या किंवा अडचणीत असलेल्या घरातल्या मुलाला घरातच सांभाळता यावं म्हणून ही मदत मिळते. आता ती सावित्रीबाई फुले यांच्या नावानं आहे आणि २०२३ मध्ये तिची रक्कम दरमहा २२५० रुपये करण्यात आली. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात करायचा, बालकल्याण समिती तो मंजूर करते. कागदपत्रं गोळा करताना या बायका रडकुंडीला येतात. मृत्यूचा दाखला नाही, रेशनकार्डावर नाव चुकलेलं, बँकेत खातं नाही. तुमच्या पदवीधर लेकीनं सुट्टीत अशा तीन बायकांचे अर्ज भरून दिले, त्यांच्याबरोबर तहसीलला चार खेपा घातल्या, तर तीन मुलं बालगृहात जायची वाचतील. याचं सर्टिफिकेट कुणी देणार नाही.

तरीही लेकीला परदेशी जायचंच असेल तर अडवू नका. जग बघू द्या. पण तिला काही गोष्टी विचारून जायला सांगा. संस्था सरकारकडे नोंदलेली आहे का? तिथली मुलं घरी परत जावीत म्हणून ती काय करते, आणि गेल्या वर्षी किती गेली? माझी चौकशी न करता मला मुलांत घेणार असाल तर इतर कुणालाही घेत असाल, मग मुलं सुरक्षित कशी? मुलांना शिकवण्याऐवजी तिथल्या शिक्षिकेला, स्वयंपाकिणीला, हिशेबनिसाला मी काय मदत करू शकते? या प्रश्नांना सरळ उत्तरं मिळाली तर जाऊ दे. टाळाटाळ झाली तर तेच पैसे डोंगर चढायला वापर, मजा कर, म्हणावं. नुसतं पर्यटक असणं हा काही गुन्हा नाही. तिथली हॉटेलं, भाजीवाल्या, गाडीवाले यांचं घर त्यावरच चालतं. आणि घर चाललं तर पोर घरातच राहतं.

आपल्या आसपास एखादं मूल संकटात दिसलं तर १०९८ हा क्रमांक फिरवा. हा नंबर फ्रीजवर लिहून ठेवा, गॅस सिलिंडरच्या नंबराशेजारी. आणि बालगृहात जायचंच असेल तर केक घेऊन एकदा जाऊ नका. सुई-दोरा घेऊन दर महिन्याला जा.